गंज मजबूत

धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या भिंतीवर गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर 'गंज मजबूत' हे दोन शब्द रंगवण्यात आले. अक्षरे लाल, पार्श्वभूमी पिवळी, खाली दोन दारांच्या लोखंडी कपाटाचे चित्र. त्यानंतर धुळे, शिंदखेडा आणि शिरपूर तालुक्यांत अशा बऱ्याच भिंती रंगल्या.

खानदेशी बोलीत गंज म्हणजे खूप, पुष्कळ. गंज दिवस झाले, गंज पाऊस झाला. प्रमाण मराठीत गंज म्हणजे लोखंड खाणारा तांबडा थर. त्यामुळे ही जाहिरात धुळ्यात वाचली तर कपाट अतिशय मजबूत ठरते, आणि नाशिक ओलांडून आलेल्या माणसाने वाचली तर कपाटावरचा गंज मजबूत ठरतो. कपाट तेच.

जाहिरात ज्या कारखान्याची होती त्याच्या विपणन विभागात मी काम करते. विभागात मी एकटीच आहे.

मी मूळची रत्नागिरीची. तिथल्या एका दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काही वर्षे काम केले. काम असे, की वार्ताहराने 'हृदय पिळवटून टाकणारा अपघात' असे लिहून पाठवले तर हृदय काढून टाकायचे आणि अपघात ठेवायचा. पुढे ती आवृत्ती बंद झाली. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कपाटांच्या एका कारखान्याला 'लिहिता येणारा माणूस' हवा होता. मी अर्ज केला. मालकांना कारखान्यात आणि कारखान्याबाहेरही सगळे भाऊ म्हणतात. मुलाखत त्यांनीच घेतली.

"लिहिता येतं ना?"

"येतं."

"खोटं?"

"ते काढून टाकायचं काम केलंय."

भाऊंनी थोडा विचार केला. "चाली जाई," म्हणाले. चालून जाईल. या भागात ही बरीच वरच्या दर्जाची पसंती आहे, हे मला नंतर कळले.

अट एकच होती. कपाटे खानदेशात खपत होतीच. ती बाहेर, शक्यतो पुण्यात, खपली पाहिजेत. भाऊंनी मुदतही सांगितली. "गुढीपाडव्यापर्यंत बाहेरची एक ऑर्डर आली तर तुम्ही आमच्या. नाही आली तर तुमचं सामान आपल्याच टेम्पोनं रत्नागिरीला पोचवू. भाडं घेणार नाही." टेम्पोचा चालक शेजारीच उभा होता. त्याने मला रस्ता विचारून ठेवला.

धुळ्यात खोली घेतली आणि काही दिवसांतच मला परत जायचे नाही हे स्पष्ट झाले. पहिले कारण हवा. रत्नागिरीत जुलैत धुतलेला टॉवेल गणपतीपर्यंत ओलसर राहतो. धुळ्यात टॉवेलचे एक टोक दोरीवर सरळ करेपर्यंत दुसरे वाळलेले असते. दुसरे कारण घरमालकीण. त्यांना गल्ली अक्का म्हणते. अक्का तळमजल्यावर राहतात आणि अमळनेरच्या बहिणीशी फोनवर बोलताना स्पीकर लावतात. 'कानले लायं का गरम व्हस,' असे त्यांचे म्हणणे, म्हणजे फोन कानाला लावला की तापतो. परिणामी दोन्ही बाजूंचे संभाषण वरच्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येते.

जाहिरातीच्या धंद्यातले लोक प्रेरणेसाठी समुद्रकिनारी जाऊन बसतात असे ऐकले आहे. समुद्र सोडून आलेल्या माणसाला तो मार्ग नव्हता. मी जिन्यात बसायचे. शेवभाजीने माझे नाक वाहत असताना अक्का म्हणायच्या, "तिखट नही शे, व माय, फक्त रंग शे." अमळनेरच्या जावयाबद्दल त्यांचे मत होते, "मानूस बरा शे, पन बठ्ठा उसना शे." माणूस बरा, पण सगळाच्या सगळा उसना. यातले एकही वाक्य मला सुचले नसते. यातल्या एकाही वाक्यावर कपाट विकता आले नसते, हेही खरे.

मला सुचलेल्या जाहिरातींची नोंद इथे केली पाहिजे. पहिली अशी होती: 'कपाट. दोन दारे, चार कप्पे, एक कुलूप. चाव्या दोन.'

भाऊंनी ती मोठ्याने वाचली. "ताई, ही जाहिरात आहे का पंचनामा?"

दुसरी होती, 'आजवर एकाही ग्राहकाची तक्रार नाही.' छापण्याआधी खातरजमा करण्याची सवय असल्याने मी विक्रेत्यांना फोन केले. एक तक्रार निघाली. मी मजकूर दुरुस्त केला: 'दोंडाईचा येथील एक ग्राहक वगळता आजवर तक्रार नाही.'

"त्याला कशाला मधे आणलं?" भाऊ म्हणाले. "त्यानं कपाटाच्या दांडीला म्हैस बांधली होती!"

"दांडी निघाली का?"

"दांडी नाही निघाली. म्हैस कपाट घेऊन गेली."

मी म्हणाले, हेच छापू. भाऊ नको म्हणाले. म्हशीचा मालक त्यांचा लांबचा पाहुणा होता.

पावसाळा संपत असताना कारखान्याने एक कपाट माझ्या खोलीवर पाठवले. आपला माल घरात असावा, असा भाऊंचा नियम आहे. चार माणसांनी ते जिन्याने वर आणले. मागोमाग अक्का आल्या. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, दारावर तळहाताने दोन थापा दिल्या, कान लावून आवाज ऐकला आणि निर्णय दिला.

"गंज मजबूत शे."

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हा शब्द साधेपणाने ऐकता येत नाही. आमच्याकडे खिडकीचे गज, सायकल, विळी, साडीला लावलेली सेफ्टी पिन, सगळ्यावर गंजाचा हक्क आधी आणि आपला नंतर. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि कपाट तपासायला घेतले. आतून पाहिले, कप्प्यांच्या खालून पाहिले, मग जमिनीवर आडवी होऊन तळ पाहिला.

"काय हुडकी ऱ्हायनी?" अक्कांनी विचारले.

"गंज."

"गंज काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, गंज आहे म्हणून."

"हा मंग. शेच."

"कुठे?"

"कोठे म्हंजे? बठ्ठं!"

बठ्ठं म्हणजे सगळे, हे मला तोवर येत होते. नवे कपाट संपूर्ण गंजलेले आहे आणि मला ते दिसत नाही, अशी परिस्थिती काही काळ राहिली. मग अक्कांच्या लक्षात आले. त्यांनी मला काही सांगण्याआधी अमळनेरला फोन लावला. "कोकननी पोर बॅटरी लिसन कपाटमा गंज हुडकी ऱ्हायनी!" स्पीकर चालू होता. शब्दाचा खरा अर्थ मला अमळनेरहून कळला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे कारखान्यात सांगितले. हसण्यासाठी सांगितले होते आणि सगळे हसलेही. भाऊ हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"हेच. हेच लिहा. गंज मजबूत."

"भाऊ, पुण्याचा माणूस हे वाचेल तर..."

"पुण्याचा माणूस नरडाण्याला येतो कशाला?"



भिंती रंगवण्याचे काम आबांकडे गेले. आबा शिंदखेडा तालुक्यातले सर्वात जुने पेंटर. या धंद्यात भिंतीवर जाहिरात रंगवण्याला भिंत मारणे म्हणतात. आबांचे अक्षर सुरेख आहे, आणि त्यांचे एक तत्त्व आहे. दिलेला रंग ते परत आणत नाहीत आणि घरीही नेत नाहीत. "परायाना रंग घर लई जावाना नही. पाप लागस." त्यामुळे ठरलेल्या भिंती संपल्यावर डब्यात रंग उरला तर आबा पुढची मोकळी भिंत शोधतात. हॉटेल आणि पिठाची गिरणी यादीत होती. पाण्याची टाकी नव्हती. आबांच्या जावयाच्या गोठ्याची आतली भिंतही नव्हती. ती फक्त जनावरांना दिसते.

कपाटांचा खप वाढला. तुळशीचे लग्न झाले की इकडे लग्नसराई लागते आणि मुलीला आंदण म्हणून कपाट दिले जाते. आंदणाचे सामान ट्रॅक्टरवरून वाजतगाजत जाते आणि मांडवात बायका कपाटावर थापा मारून पाहतात. आता त्या थापा मारून झाल्यावर भिंतीवरचे शब्द म्हणू लागल्या. शिरपूरजवळच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा खात्री करण्यासाठी कपाटावर चढला. कपाट टिकले. मामाला उतरवायला शिडी शोधावी लागली आणि तोवर मंगलाष्टके थांबली होती, अशी माहिती वधूपक्षाने दिली. वरपक्षाच्या म्हणण्यानुसार मंगलाष्टके थांबली नव्हती. मामाने ती वरूनच ऐकली.

भाऊ खूश होते. मी नव्हते. खपलेली सगळी कपाटे खानदेशातच खपली होती. माझा पाडवा जवळ येत होता.

त्याच सुमारास पुण्याहून उत्तर आले. घरसामानाची बरीच दुकाने असलेल्या एका कंपनीला मी कपाटांची माहिती पाठवली होती. यावेळी पंचनामाच पाठवला होता: दारे, कप्पे, पत्र्याची जाडी. त्यांना तो आवडला. खरेदी विभागाच्या एक अधिकारी संक्रांतीनंतर स्वतः कारखाना पाहायला येणार होत्या.

"महामार्गानं गाडी लावू," भाऊ म्हणाले. "एकेक भिंत दाखवत आणू."

मी त्यांना प्रमाण मराठीतला अर्थ पुन्हा सांगितला. आधीही सांगितला होता, पण तेव्हा ती माझी एकटीची अडचण होती. भाऊंनी पुण्यात शिकणाऱ्या पुतणीला फोन लावला आणि विचारले, गंज मजबूत म्हटले की तुझ्या मैत्रिणींना काय कळेल. पुतणी हसली. ती पुष्कळ वेळ हसली. भाऊंनी फोन हळूच बंद केला.

"आते?"

मी सुचवले, महामार्गावरच्या भिंतींवर चुना फिरवू.

"ऐन सीझनमध्ये? धंदा चालू आहे आणि तुम्ही चुना लावायला निघाल्या?"

मग मी दुसरा उपाय काढला. मधे एक शब्द घालायचा: 'गंज नाही. मजबूत.' पुण्याच्या माणसाला हे बरोबर कळेल. आबांनी वसाहतीच्या फाट्यावरच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर एक नमुना करून पाहिला. रंग वाळायच्या आत दुकानदार बाहेर आला.

"आबा, गंज नही म्हंजे? पयले तं गंज मजबूत व्हतं."

"आते नही."

"मंग कितलं शे?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. खानदेशीत वाचले तर नवी जाहिरात सांगत होती, 'फार नाही. मजबूत.' दुकानात उभ्या असलेल्या एका गिऱ्हाईकाने दुसऱ्याला सांगितले की कंपनीने पत्रा पातळ केलेला दिसतो. संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन विक्रेत्यांकडून भाऊंपर्यंत पोचली. 'नाही' पिवळ्या रंगाखाली गेले. कच्च्या पिवळ्यातून ते अजून पुसट दिसते.

उरला रस्ता. भिंती महामार्गावर होत्या, म्हणून पाहुण्यांना महामार्गावर आणायचेच नाही, असा बेत मी मांडला. पुण्याहून रेल्वेने जळगाव. जळगावजवळ आमच्या विक्रेत्याच्या शेतात भरीत. तिथून सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरने थेट नरडाणा. रुळांच्या दोन्ही बाजूंना शेतेच आहेत.

"दारात गाडी असताना पाहुण्याला पॅसेंजरनं आणायचं?" भाऊ म्हणाले. "काय सांगायचं त्यांना?"

"निसर्ग दाखवतोय."

"जानेवारीत? कपाशी उपटलेली वावरं?"

"मोकळा निसर्ग."

"चाली जाई," भाऊ म्हणाले. यावेळी हा शब्द खालच्या दर्जाचा होता.

मॅडम ठरल्या दिवशी सकाळी जळगावला उतरल्या. मी त्यांना घ्यायला गेले होते. पन्नाशीच्या, पायांत बूट, खांद्यावर पिशवी. कमी बोलत होत्या. पिशवीत मोजपट्टी होती आणि ती सारखी बाहेर येत होती. स्थानकावरच्या बाकाची उंची त्यांनी मोजली. विक्रेत्याच्या शेतात, केळीच्या बागेच्या कडेला, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत होती. मॅडमनी एक कच्चे वांगे उचलून त्याचा घेर मोजला. विक्रेत्याला वाटले वांगे नापास होणार. त्याने घाईने म्हटले, "मॅडम, यापेक्षा मोठं पण आहे."

"पुरे," मॅडम म्हणाल्या आणि जेवायला बसल्या. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. त्यांनी दोनदा भरीत मागून घेतले. विक्रेता माझ्या कानात कुजबुजला, "ऑर्डर पक्की समजा. वांगं नाकारणारा माणूस वेगळा दिसतो."

पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली. धरणगाव गेले, अमळनेर गेले. मॅडम बाहेर पाहत होत्या. बाहेर मोकळा निसर्ग होता. एकही भिंत नव्हती. नरडाणा जवळ आले, गाडी मंदावली आणि फलाटाच्या थोडे अलीकडे रुळांकडे पाठ केलेले एक गोदाम आले. त्याची अख्खी मागची भिंत पिवळी होती. अक्षरे माणसाच्या उंचीची होती.

आबांना नंतर विचारण्यात आले. त्यांचे उत्तर असे: "लाल रंग गंज उरना व्हता, ताई. भित मोकळी देखी, मारी दिन्ही."

"गंज मजबूत," मॅडमनी वाचले. सावकाश, एकेक शब्द सोडवत. त्यांनी फोन काढून भिंतीचा फोटो घेतला.

"ही तुमचीच का?"

खाली कपाटाचे चित्र आणि कारखान्याचे नाव होते. मी हो म्हणाले.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या.

स्थानकापासून कारखान्यापर्यंत मी या 'अच्छा'चे निरनिराळे अर्थ लावले. एकालाही पुष्टी मिळाली नाही.

इथे वाचकांसाठी एक माहिती. मॅडम पुण्याला सासरी आलेल्या, पण लहानपण अमरावतीकडचे. विदर्भात गंज म्हणजे पातेले. दूध तापवायचे, भाजी शिजवायची, ते गोल भांडे. ही माहिती त्या वेळी कारखान्यात उपस्थित असलेल्या कोणाकडेही नव्हती.

भाऊंनी कारखाना दाखवला. पत्रा कापणे, वाकवणे, रंगाची भट्टी, कुलपे. मॅडमनी एका तयार कपाटाची सगळी मापे घेतली, दार पंचवीसेक वेळा उघडून मिटले, कप्प्यावर बसूनही पाहिले. मग मोजपट्टी पिशवीत ठेवली.

"कपाटं पाहिली. आता गंज दाखवा."

मी पुढे झाले. "मॅडम, आमच्या कपाटांना गंज नसतो."

"कपाटांना कशाला असेल? वेगळा असेल ना."

"वेगळासुद्धा नाही."

"भिंतीवर तर एवढं मोठं लिहिलंय."

भिंतीचा उल्लेख आला आणि भाऊ सरसावले. पाहुण्यांना आपली बोली कळते, असा त्यांचा समज झाला. चेहरा उजळला. "लिहिलंय ते अगदी खरं आहे, मॅडम. आपल्याकडे गंज म्हणजे गंज!"

"हो ना? मग केवढ्या आकारात आहे?"

"गंज आकारात आहे."

"तेच विचारते. लहानात लहान केवढा?"

"लहान घ्या, मोठं घ्या. लहान पण गंज, मोठं पण गंज."

"आणि झाकण?"

"झाकण?" भाऊ माझ्याकडे वळले. मी भट्टीकडे पाहिले.

"झाकणाशिवाय काय उपयोग?" मॅडम म्हणाल्या. "दूध उघडं राहील."

"दूध?" भाऊंनी कपाटाकडे पाहिले. ग्राहक देव आहे, असे कार्यालयात त्यांच्या खुर्चीमागे लिहिलेले आहे. "ठेवता येईल," ते म्हणाले. "खालच्या कप्प्यात ठेवा. हवा खेळती राहते."

"कपाटात दूध?"

"तुम्हीच म्हणाल्या."

"मी गंजात म्हटलं."

"गंज दूध असेल तर दोन कप्पे लागतील," भाऊ म्हणाले.

मी पत्रकारितेत शिकलेली एक गोष्ट केली. मूळ स्रोताला प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्ही गंज कशाला म्हणता?"

मॅडमनी आजूबाजूला पाहिले. कोपऱ्यात चहाची शेगडी होती आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात चहा उकळत होता. त्यांनी त्याकडे बोट दाखवले.

"हा काय. हा गंज नाही तर काय आहे?"

"हे भगोनं आहे," भाऊ म्हणाले.

"टोप आहे," मी म्हणाले.

चहा करणाऱ्या बाई पातेले म्हणाल्या. तेवढ्यात चहा उतू गेला.

सगळे अर्थ एकमेकांना समजावून सांगायला दुसऱ्यांदा टाकलेला चहा संपेपर्यंत वेळ लागला. मॅडमचे म्हणणे असे, की भिंत पाहून त्यांना वाटले इथे जाड बुडाची मजबूत भांडी होतात. दुकानांच्या स्वयंपाक विभागासाठी त्या तशी भांडी कित्येक महिने शोधत होत्या. म्हणून फोटो काढला होता. कपाटाचे चित्र पाहून शंका आली नाही का, असे मी विचारले. "वाटलं, गंज ठेवायचं कपाट असेल," त्या म्हणाल्या.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "भांडी होतील."

"तुम्ही करता?"

"अजून नाही."

"कधी होतील?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. "पाडव्याच्या आत."

मॅडम संध्याकाळच्या गाडीने गेल्या. कपाटांबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या. टेम्पोच्या चालकाने मला विचारले, आंबा घाटानं जायचं का कुंभार्लीनं?

भांड्याचा पहिला नमुना आठवड्यात तयार झाला. कारखान्यातली यंत्रे पत्रा कापतात आणि काटकोनात वाकवतात. त्यामुळे भांडे चौकोनी झाले. त्याला बिजागरीचे झाकण आणि कुलूप होते. भाऊंनी ते माझ्या हाती अक्कांकडे पाठवले. अक्कांनी त्यात दूध तापवले, झाकण मिटले, आणि चावी आत पडली आहे हे मग लक्षात आले. अमळनेरला तातडीने फोन झाला. भांडे वाजवून पाहायला मात्र अक्का विसरल्या नाहीत. मजबूत होते.

दुसरा नमुना धुळ्यातल्या एका भांडी करणाऱ्याकडून गोल करून घेतला. जाड बूड, दोन कान, साधे झाकण. तो पुण्याला गेला.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून दोन ऑर्डरी आल्या. एक गंजांची. दुसरी कपाटांची, थोडी, चाचणीपुरती, आणि तिच्यात एक अट होती: कपाटावर किंवा खोक्यावर कोणतेही शब्द नसावेत. भाऊंनी ही अट दोनदा वाचली.

"काहीच लिहायचं नाही?"

"काहीच नाही."

"मग तुमचं काम काय?"

मी गंजांच्या ऑर्डरीकडे बोट दाखवले. भाऊंनी टेम्पोच्या चालकाला बोलावले आणि रत्नागिरी रद्द झाल्याचे सांगितले. चालक नाराज झाला. त्याला समुद्र पाहायचा होता.

पाडव्यापासून माझी नोकरी कायम झाली. नवी व्हिजिटिंग कार्डे धुळ्यात छापून आली. मी मजकुरात 'पातेली' सुचवले होते. ऑर्डरीत जो शब्द आहे तोच राहील, असे भाऊंनी ठरवले. नावाखाली छापले आहे: विपणन अधिकारी, कपाट व गंज.

मी कार्डाचा फोटो घरी पाठवला. वडिलांचा लगेच फोन आला.

"कपाट समजलं. गंज कोण विकत घेतो?"

"पुण्याचे लोक."

"इथून नेला असता की त्यांनी. फुकट."

मी त्यांना विदर्भातला अर्थ सांगितला. मग खानदेशातला. दुसऱ्या अर्थापाशी आल्यावर त्यांनी फोन आईकडे दिला. शेजारी चौकशी करतात तेव्हा वडील सध्या 'मुलगी तिकडे कपाटांच्या कंपनीत आहे' एवढेच सांगतात. या माहितीला आईने दुजोरा दिला आहे.